उत्तर न देणाऱ्यांची ओळ

वर्डच्या फाइलमध्ये उतरलेला तक्ता मी हाताने बदलत नाही. एक आकडा नाही, एक ओळ नाही, दशांशाचं टिंबसुद्धा नाही. बदल करायचाच असेल तर तो मूळ नोंदीत किंवा कोडमध्ये करायचा, का केला ते तिथेच लिहायचं आणि तक्ता पुन्हा काढायचा. आता जिथे काम करते तिथे मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं. समोरच्या बाई हसल्या. "तक्त्यातल्या एका घरातला एक आकडा बदलायला सगळं पुन्हा चालवायचं? दोन सेकंदांचं काम आहे हो ते," त्या म्हणाल्या. दोन सेकंदांचंच काम आहे हे मला माहीत आहे. त्याच दोन सेकंदांपायी माझी पहिली नोकरी गेली, आणि ती गेली याचं मला आजही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं, पण ते पुढे सांगेन.

आमचं घर म्हैसूरजवळच्या बन्नूरचं. आमचे पूर्वज म्हैसूरच्या जुन्या फौजेत शिपाई होते असं घरात सांगतात. त्याचा पुरावा एवढाच की आम्ही अजून घरात मराठी बोलतो, अर्धी कन्नड मिसळलेली. वडील उसाच्या गुऱ्हाळावर गुळव्या. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे ते फेसाकडे बघून सांगतात. आई शाळेत गेलेली नाही. मी सरकारी शाळेत कन्नड माध्यमात शिकले आणि म्हैसूरला वसतिगृहात राहून संख्याशास्त्राची पदवी घेतली. आमच्या घरातली ती पहिली पदवी. मराठी लिहायला तर त्याहून उशिरा शिकले, म्हैसूरच्या सरस्वतीपुरम भागात ज्या निवृत्त शिक्षिकेकडे भाड्याने राहत होते त्यांच्याकडून. त्या माझ्या चिठ्ठ्या लाल पेनने दुरुस्त करून परत देत. फी भरायला उशीर झाला तेव्हा थांबून राहिलेल्या प्राध्यापकांपासून या शिक्षिकेपर्यंत किती जणांचे उपकार माझ्यावर आहेत, ते मोजत बसले तर हा लेख तिथेच संपेल.

त्या यादीत माझे पहिले साहेबही आहेत. त्यांना आम्ही सर म्हणायचो. सरस्वतीपुरममधल्याच एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर त्यांची छोटी संशोधन संस्था होती. गावोगाव पाहण्या करायच्या, माहितीचे तक्ते करायचे, अहवाल लिहायचे, असं काम. मुलाखतीत माझं इंग्रजी दोनदा अडखळलं. दुसऱ्या वेळी मी रडकुंडीला आले. आमच्याकडे मुलीलाही म्हणतात तसं अम्मा म्हणत सर कन्नडमध्ये म्हणाले, "भाषा येईल अम्मा. आकडे समजतात ना?"

"समजतात सर."

"मग सोमवारी ये."

इतक्या साधेपणाने मला आयुष्यात पहिली नोकरी मिळाली. पुढचं सगळं सांगताना हे मी विसरलेले नाही.

त्या कार्यालयात तक्ते करायची एक पद्धत होती, आणि ती पद्धत म्हणजे अण्णा. साठीला आलेले, कानामागे पेन्सिल खोचलेले, संस्था सुरू झाली तेव्हापासून तिथे असलेले साहाय्यक. संगणकावर आकडेमोड व्हायची, तिचे लांबच लांब कागद छापून निघायचे, आणि अण्णा त्या कागदांवरून एकेक आकडा मोठ्याने वाचायचे. मी समोर बसून तो वर्डमधल्या तक्त्यात टाइप करायची. तक्ता झाला की उलटी फेरी. मी पडद्यावरून वाचायचं आणि अण्णांनी कागदावर पेन्सिलीने बरोबरची खूण करायची. एका अहवालात ऐंशी-नव्वद तक्ते. दुपारी वाचता वाचता अण्णांना डुलकी लागायची, पण पेन्सिल चालूच असायची.

अण्णा आकडे कन्नडमध्ये वाचायचे. मूवत्तेळु म्हणजे सदतीस. कन्नडमध्ये आधी तीस आणि मग सात. माझं शिक्षण कन्नडमध्ये झालं असलं तरी मोजणं मात्र गुऱ्हाळावर वडिलांबरोबर झालं होतं, गुळाच्या ढेपा मोजत, मराठीत. मराठीत आधी सात येतो आणि मग तीस. अण्णांनी मूवत्तेळु म्हटलं की माझ्या डोक्यात सदतीस व्हायचं आणि बोट आधी सातावर पडायचं. बहुतेक वेळा मी सावरायची. पण एकदा सर घाईत होते, उलटी फेरी झाली नाही, आणि एका गावाचा आकडा त्र्याहत्तर असा छापला गेला. अहवाल वाटून झाल्यावर त्या गावच्या पंचायतीतून फोन आला.

सर सर्वांसमोर बोलले. खूप बोलले. त्यात माझ्या शाळेचा उल्लेख होता, गावाचा होता. अण्णांनी आपल्या परीने वातावरण हलकं करायला म्हटलं, "बन्नूरची मेंढी आहे सर, एकदा मान वळली की तिकडेच जाते." आमच्या गावच्या मेंढ्या या भागात प्रसिद्ध आहेत, त्यामुळे सगळे हसले. मीही हसले. मग जिन्यात जाऊन उभी राहिले.

त्या जिन्यात मी ठरवलं की यापुढे माझं बोट आकड्याला लागणार नाही.

महाविद्यालयात आम्हाला एक मोफत मिळणारी प्रोग्रॅमिंगची भाषा जेमतेम एक सत्र शिकवली होती. ती मी पुन्हा काढली. जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खात शिकत राहिले. मला हवं होतं ते असं: नोंदींची फाइल कोडने वाचायची, मोजणी करायची, टक्केवारी काढायची आणि तयार तक्ता थेट वर्डच्या कागदपत्रात ठेवायचा. मध्ये ना कागद, ना आवाज, ना बोट. पहिल्या तक्त्याला रेषाच आल्या नाहीत. दुसऱ्यात कन्नड अक्षरांच्या जागी चौकोन उमटले. तिसरा पानाबाहेर पळाला. मी प्रत्येक तक्ता अण्णांसमोर नेऊन ठेवायची.

"तंगी," अण्णा म्हणायचे. तंगी म्हणजे धाकटी बहीण. "हे काय गं? दशांश एकाखाली एक नाहीत. दात पडलेल्या म्हातारीसारखं दिसतंय."

मी परत जायची, दशांश एकाखाली एक आणायची.

"आणि तक्ता पुढच्या पानावर गेला तर वरचा मथळा परत नको का यायला? वाचणाऱ्याने काय पानं उलटत बसायचं?"

मी परत जायची. कंसातली टक्केवारी आकड्याला चिकटून नको, 'एकूण'ची ओळ ठळक हवी, तळटीप तक्त्याला सोडून दुसऱ्या पानावर जाता कामा नये. हे सगळं मला कुठल्या पुस्तकाने शिकवलं नाही, अण्णांनी शिकवलं. इतकी वर्षं हातांनी तक्ते केलेल्या माणसाची नजर मी एकेक ओळ करून कोडमध्ये घातली. दोनेक महिन्यांनी एका सकाळी मी त्यांना खुर्ची दिली आणि म्हटलं, "हे दाबा." त्यांनी दाबलं. चहा येईपर्यंत ऐंशीच्या ऐंशी तक्ते फाइलमध्ये येऊन बसले होते, इंग्रजीत वेगळे आणि कन्नडमध्ये वेगळे.

अण्णांनी पेन्सिल काढून दहा तक्ते कागदाशी ताडून पाहिले. सगळे बरोबर. "आयतु," ते म्हणाले. झालं म्हणजे. "आता मी काय करू?"

"तुम्ही चूक शोधा," मी म्हटलं. ते हसले, पण मला तेव्हाच थोडं टोचलं होतं.

कोडची एक सवय मला तेव्हा पुरती कळली नव्हती. माणूस तक्ता करतो तेव्हा त्याला नको असलेली गोष्ट तो न सांगता गाळतो. कोड गाळत नाही. गाळायला सांगावं लागतं, आणि ते सांगणं लिहिलेलं राहतं.

पुढची मोठी पाहणी टी. नरसीपूरच्या बाजूच्या गावांतली होती. तिथल्या बायकांचं शिक्षण, काम, आरोग्य. अकरावा तक्ता शिक्षणाचा. माझ्या फाइलमध्ये तो आला तेव्हा त्यात नेहमीच्या ओळींखाली आणखी एक ओळ होती: 'उत्तर नाही'. त्या ओळीतला आकडा लहान नव्हता. किती ते मी इथे लिहीत नाही, कारण ती माहिती माझी नव्हे.

सरांनी मसुदा वाचला आणि त्या ओळीवर लाल रेघ मारली. अण्णांनी मला समजावलं, "ही ओळ कधीच जात नाही अहवालात. उत्तर नाही म्हणजे अशिक्षित. त्यात मिळवून टाकायची. मी इतकी वर्षं हेच करत आलोय."

"पण त्यांनी अशिक्षित म्हटलेलं नाही."

"शिकलेली बाई सांगणार नाही का गं? अभिमानाने सांगेल. जी सांगत नाही ती कोण, तूच बघ."

त्यांचं म्हणणं ऐकायला सरळ वाटत होतं. माझ्या घशाखाली मात्र उतरत नव्हतं. त्या संध्याकाळी मी आईला फोन केला.

"आई, तुला कोणी येऊन विचारलं, शिक्षण किती, तर काय सांगशील?"

"कोण विचारतंय?"

"समज, सर्वेवाली आली."

"तिला म्हणेन, आधी बस, पाणी पी."

"आणि मग?"

"मग काय सांगू? शाळेत गेले नाही म्हटलं की ती अंगठाबहाद्दर लिहून मोकळी. गेले म्हटलं तर खोटं. सुम्ने बसेन." सुम्ने म्हणजे उगी, गप्प.

"पण तू वाचतेस की."

"स्वल्प स्वल्प वाचते. तुझ्या पहिलीच्या पुस्तकात बघून बघून आलं. त्याला काय कोणी शिक्षण म्हणतं?" मग एकदम आवाज चढला. "पण अंगठा नाही हं मी लावत. रेशनला सही करते. अंगठा लिहिला कुणी तर घरी जाऊन भांडेन त्याच्याशी."

मला हसू आलं, आणि लगेच हसू गेलंही. नरसीपूरच्या बाजूला अशा भांडायला उठणाऱ्या बायका किती जणी असतील, हे अकराव्या तक्त्यातून कुणाला कळणार होतं?

दुसऱ्या दिवशी मी आमच्या पाहणीचं क्षेत्रकाम करणाऱ्या अक्कांना गाठलं. पन्नाशीच्या, उन्हाने रापलेल्या, पायात कायम धुळीच्या चपला. मी त्यांना विचारलं, या बायकांनी शिक्षणाचं उत्तर का दिलं नाही?

"दिलं की," अक्का म्हणाल्या. "तुमच्या फॉर्मातच जागा नव्हती. अशिक्षित, प्राथमिक, माध्यमिक, त्यावर. शाळेत न गेलेली पण वाचता येणारी बाई कुठल्या घरात घालू मी? एक जण बसचे बोर्ड वाचून दाखवत होती मला, इथून तिथपर्यंत. तिला अशिक्षित लिहू? जीभ झडेल माझी."

"मग काय केलंत?"

"घर मोकळं ठेवलं. कडेला पेन्सिलीने लिहिलं. बघितलं नाही का कोणी?"

कोणी बघितलं नव्हतं. नोंदी संगणकात भरताना समासातल्या पेन्सिलीसाठी रकाना नव्हता. फॉर्मचे गठ्ठे मागच्या खोलीत होते. मी तो संपूर्ण दिवस तिथे बसून काढला. मोकळी घरं असलेला एकेक फॉर्म बाजूला केला. अक्कांच्या तिरक्या कन्नड अक्षरांत समासात लिहिलेलं होतं: वाचते. मुलांचा अभ्यास घेते. सही करते, वाचत नाही. पोथी वाचते. नवरा सांगू देत नाही. सगळ्याच फॉर्मांवर टीप नव्हती. काही खरोखरच कोरे होते. पण ज्यांच्यावर टीप होती त्यांत वाचणाऱ्या बायकाच जास्त होत्या. आणि आम्ही त्या सगळ्यांना अशिक्षित म्हणून छापायला निघालो होतो.

मी सरांच्या खोलीत गेले. गठ्ठा बरोबर नेला. सरांनी वरचे पाच-सहा फॉर्म पाहिले, शांतपणे.

"छान काम केलंस," ते म्हणाले. "पुढच्या पाहणीत हा रकाना घालू."

"या पाहणीचं काय सर?"

"परवा निधी देणाऱ्यांची बैठक आहे, अम्मा. आता नवीन ओळ काढली की ते विचारणार, ही कुठून आली, रकाना आधी का नव्हता, इतक्या जणींचं उत्तर का नाही. मग पुन्हा गावात जा. आपण प्रौढ साक्षरतेचे वर्ग मागतोय. अशिक्षित जास्त दिसल्या तर वर्ग जास्त मिळतील. वाईट कुणाचं होतंय यात?"

"ज्या वाचतात त्यांना वाचता येत नाही असं आपण लिहितोय सर."

"त्या अहवाल वाचणार आहेत का?"

त्यांनी ते चिडून म्हटलं नव्हतं. खरंच प्रश्न विचारल्यासारखं म्हटलं. मला तेच जास्त लागलं.

"निदान 'उत्तर नाही' ही ओळ तरी राहू दे," मी म्हटलं. "नवीन ओळ नको तर नको. पण असलेली ओळ मी काढणार नाही."

"कोडमधून काढू नकोस. वर्डमध्ये काढ. दोन सेकंदांचं काम."

"नाही सर."

सरांनी चष्मा काढला. "तुझा करार या अहवालाबरोबर संपतोय. पुढच्या वर्षाचं पत्र माझ्या टेबलावर सहीला आहे. हे धमकी म्हणून सांगत नाही. लक्षात असू दे म्हणून सांगतोय."

"लक्षात आहे सर," मी म्हटलं. वडिलांचं वय, धाकट्या भावाची फी, भाड्याची खोली, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. "तुम्ही मला घेतलंत ते आकडे समजतात म्हणून. हा आकडा मला समजतो. म्हणूनच नाही म्हणतेय."

"ठीक आहे," सर म्हणाले. "फाइल अण्णांना दे."

फाइल मी दिली. ती संस्थेची होती, अडवून धरायचा मला अधिकार नव्हता. फक्त तक्त्यांखाली आपोआप येणारी माझ्या नावाची ओळ तेवढी कोडमधून काढली आणि फाइल पुन्हा तयार करून दिली. अण्णांनी ती घेतली. माझ्याकडे बघितलं नाही. त्यांची खुर्ची माझ्या मागेच होती. टाइप करताना त्यांची एक बोट एक कळ अशी ठरलेली चाल असायची, ती मला ऐकू येत होती. दोन सेकंद नव्हे, पंधरा-वीस मिनिटं लागली त्यांना. टक्केवारीही हाताने काढावी लागली असणार.

बैठकीत मला मागच्या खुर्चीवर बसायला सांगितलं होतं. निधी देणाऱ्या संस्थेकडून आलेल्या बाई बंगळूरच्या होत्या. केस पांढरे, समोर अहवालाची प्रत, हातात फूटपट्टी. तक्त्याच्या ओळीखाली फूटपट्टी धरून त्या वाचत होत्या. मला त्या एकदम अण्णांच्या पठडीतल्या वाटल्या. अकराव्या तक्त्यावर त्या थांबल्या. मग पान उलटलं. मग परत मागे आल्या.

"अकरामध्ये अशिक्षितांचा आकडा एक आहे," त्या म्हणाल्या, "आणि बारामध्ये गावांप्रमाणे बेरीज केली तर दुसराच येतो. बारामध्ये 'उत्तर नाही' असा एक रकानाही आहे. तो अकरामध्ये नाही."

बारावा तक्ता गावनिहाय होता, रुंद, आडव्या पानावर बसवलेला. दोन्ही तक्ते एकाच कोडमधून, एकाच नोंदींतून निघालेले. अण्णांनी अकरावा हाताने बदलला आणि आडव्या पानाकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. जुन्या दिवसांत प्रत्येक तक्ता त्यांनी स्वतः केला असता, आणि त्यांच्या हातून हे कधी सुटलं नसतं.

सरांचा चेहरा बदलला नाही. "टायपिंगची चूक," ते इंग्रजीत म्हणाले. "आमचे जुने साहाय्यक आहेत, वय झालंय." मग माझ्याकडे वळले. "सांग मॅडमना. दुरुस्त करून आज संध्याकाळपर्यंत देते म्हणून."

अण्णा दाराजवळ उभे होते, चहाच्या कपांचा ट्रे हातात घेऊन. ते खाली बघत होते. त्यांचे कान लाल झाले होते. इतकी वर्षं कानामागे पेन्सिल खोचून बसलेला माणूस, आणि त्याच्या नावावर ही चूक लागणार होती. चूक मुळात चूकच नव्हती.

मी उभी राहिले. माझं इंग्रजी तिथेही अडखळलंच. मग मी सरळ कन्नडमध्ये बोलले. "टायपिंगची चूक नाही मॅडम. अण्णांनी चूक केलेली नाही. अकरावा तक्ता सांगून बदलला आहे. बारावा खरा आहे. या बायकांनी अशिक्षित म्हटलेलं नाही. त्यांतल्या कित्येकींना वाचता येतं. फॉर्म मागच्या खोलीत आहेत, आत्ता दाखवते."

बाईंनी फूटपट्टी खाली ठेवली. "आणा," त्या म्हणाल्या.

मी गठ्ठा आणला. त्यांनी आपल्या हातांनी फॉर्म उलटले, समासातल्या टिपा वाचल्या. वाचताना एका ठिकाणी हसल्या. बहुधा बसच्या बोर्डांची टीप असावी. मग सरांना म्हणाल्या, "हे तर तुमच्या पाहणीत सापडलेलं सगळ्यात चांगलं आहे. हे का लपवता?" अहवाल त्यांनी परत केला. कोऱ्या फॉर्मांसाठी पुन्हा गावात जायचं, ज्यांच्यावर वाचता येतं अशी टीप आहे त्यांची ओळ वेगळी दाखवायची, आणि मग आणायचा.

अक्का पुन्हा गेल्या. या वेळी मीही दोन दिवस त्यांच्याबरोबर गेले. नोंदी आल्या, कोडमध्ये चार ओळी बदलल्या, बटण दाबलं. अकरावा, बारावा आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले सगळे तक्ते एकदम बदलले. 'शाळेत गेल्या नाहीत, वाचता येतं' ही ओळ सगळीकडे आली. तिच्याखाली 'उत्तर नाही' हीसुद्धा राहिली, आता बरीच लहान.

अहवाल गेल्यावर सरांनी मला बोलावलं. टेबलावर ते पत्र होतं. सहीची जागा मोकळी. "बैठकीत मला न विचारता बोललीस," ते म्हणाले. "तेवढ्यापुरती लेखी माफी दे. विषय संपला."

मी म्हटलं, "सर, मला तुम्ही नोकरी दिलीत त्याबद्दल मी जन्मभर तुमचे आभार मानेन. ते लिहून देते. माफी नाही देता येणार. काय चुकलं तेच मला लिहिता येणार नाही."

"हट्टी आहेस."

"हो सर."

पत्रावर सही झाली नाही. महिन्याअखेर मी माझा डबा, कप आणि वह्या घेऊन निघाले. कोड तिथेच ठेवलं, प्रत्येक ओळीने काय होतं ते शेजारी कन्नडमध्ये लिहून, अण्णांना समजेल असं; नोंदी वगळून त्याची एक प्रत सरांना विचारून मी घेतली. अण्णा जिन्यापर्यंत आले. झालेल्या सगळ्याबद्दल त्यांनी काहीतरी बोलावं असं मला वाटत होतं. ते म्हणाले, "बारावा तक्ता मी बघायला हवा होता गं तंगी."

"नाही अण्णा. तुम्ही अकरावा बदलायला नको होता."

हे मी का म्हटलं मला माहीत नाही. खरं होतं, पण जिन्यात म्हणायची गोष्ट नव्हती. ते मान हलवून आत गेले. मला वाईट वाटतं ते याचं. ज्या माणसाची नजर मी यंत्रात घातली आणि ज्याला "तुम्ही चूक शोधा" म्हणून खुर्चीवर बसवून ठेवलं, त्याला शेवटी मी तेवढंच ऐकवून निघाले. पुढे दोनदा फोन केला, त्यांनी उचलला नाही. तो राग त्यांचा हक्क आहे.

नोकरी गेल्यावर मी पहिल्यांदा बन्नूरला गेले तेव्हा अहवालाची कन्नड प्रत पिशवीत होती. आई अंगणात तांदूळ निवडत होती.

"नोकरी गेली म्हणे?"

"गेली."

"कशापायी?"

मी प्रत उघडून अकरावा तक्ता तिच्यापुढे धरला. "वाच."

आईने हात पदराला पुसले. बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि खाली सरकवत गेली, ओठ हलवत. एका ओळीवर बोट थांबलं. तिने ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. मी वाट बघत होते.

"एवढं बारीक का छापलंय?" ती म्हणाली. "ज्या बायकांचं लिहिलंय त्यांना दिसायला नको? चाळिशी लागलेलीने काय भिंग घेऊन बसायचं?"

"पानात बसावं म्हणून आई. अक्षराचा आकार मीच ठरवला होता."

"मग मोठा ठरव. दोन पानं जास्त लागली तर काय होतं?"

सूप तिने पुन्हा मांडीवर ओढलं. मी ओसरीवर बसून संगणक उघडला. कोडमध्ये तक्त्यातल्या अक्षरांचा आकार एकाच ठिकाणी लिहिलेला होता, नऊ. तिथे अकरा केलं, आणि शेजारी कारण लिहिलं. आता माझे तक्ते तसेच निघतात. नव्या ठिकाणी पहिल्याच आठवड्यात कुणीतरी म्हणालं, जागा फार खातात, जरा लहान करा ना. मी म्हटलं, कारण कोडमध्ये लिहिलंय, वाचून घ्या.